प्रवेश सर्वांना, पदवी कोणाला?

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांतील काही निवडक विद्यार्थ्यांना भुयारी रेल्वेचे आणि बसचे पास विनामूल्य देण्यास आरंभ केला. सोबत क्रमिक पुस्तकांसाठी साहाय्य आणि प्रत्येकाची विचारपूस करणारा एक ठरलेला सल्लागार अशीही व्यवस्था होती. विद्यापीठाच्या कारभाराच्या मानाने ही बाब अगदीच किरकोळ. उच्चशिक्षणातील समानतेसारख्या जड प्रश्नाशी रेल्वेच्या पासाचा संबंध तो काय असणार, असे कोणाही सुशिक्षित माणसाला वाटावे. परंतु या योजनेचा जो शास्त्रशुद्ध ताळेबंद २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्याने अमेरिकेतील शिक्षणविषयक चर्चेला वेगळे वळण लावले. तो ताळेबंद समजून घेण्यापूर्वी ही कम्युनिटी कॉलेजे म्हणजे काय, आणि त्यांच्याकडून समाजाने कोणती अपेक्षा धरली होती, हे पाहणे अगत्याचे आहे.

कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकेतील दोन वर्षांच्या शिक्षणाची सार्वजनिक संस्था. शालान्त शिक्षण पुरे केलेल्या कोणालाही तेथे प्रवेश मिळतो. गुणांची चाळणी नसते. फी चार वर्षांच्या विद्यापीठाच्या मानाने पुष्कळच कमी. २०२४-२५ या वर्षी ती सरासरीने सुमारे ४,०५० डॉलर होती; राज्याच्या विद्यापीठात त्याच राज्यातील विद्यार्थ्याला सुमारे ११,६०० डॉलर मोजावे लागत होते. दोन वर्षांच्या अखेरीस ‘असोशिएट’ नावाची पदवी मिळते. ती घेऊन विद्यार्थ्याने एक तर परिचारिका, यंत्र-कारागीर, हिशेबनीस अशा एखाद्या व्यवसायाला लागावे, नाही तर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाऊन पूर्ण पदवी घ्यावी, अशी ही दुहेरी रचना आहे. अशी हजारावर कॉलेजे त्या देशात आहेत आणि पदवी अभ्यासक्रमाच्या एकूण विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी त्यांत शिकतात. हार्वर्ड आणि येल यांची नावे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. जेथे अमेरिकेतील मजुराची, चालकाची आणि नव्याने आलेल्या निर्वासिताची मुले प्रत्यक्षात शिकतात, त्या संस्थांची गंधवार्ताही सहसा नसते.

या संस्थांचा उगम समतेच्या ध्येयातून झाला, असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना विद्यापीठ हे संशोधनाचे पीठ व्हावे असे वाटत होते आणि पहिल्या दोन वर्षांचे प्राथमिक स्वरूपाचे अध्यापन ही त्यांना त्या मार्गातील धोंड वाटत होती. ती दोन वर्षे अन्यत्र व्हावीत, या विचाराला इलिनॉय राज्यातील जॉलिएट गावच्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची साथ मिळाली, आणि १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर जॉलिएट ज्युनियर कॉलेज सुरू झाले. (आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, तेथे शालान्त शिक्षणानंतरची दोन वर्षे, हा फरक ध्यानी ठेवावा.) म्हणजे ज्या दाराचे पुढे एवढे कौतुक झाले, ते मुळात विद्यापीठाच्या दिवाणखान्यातील गर्दी ओसरीवर थोपवण्यासाठी काढलेले होते. ही जन्मखूण पुढेही पुसली गेली नाही.

समतेचा विचार आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिक्षण देणारा कायदा १९४४ साली झालाच होता. अध्यक्ष ट्रुमन यांनी जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९४७ च्या अखेरीस आपला अहवाल देण्यास सुरुवात केली आणि शालेय शिक्षणाच्या बारा वर्षांपुढची आणखी दोन वर्षे सर्वांना विनामूल्य मिळावीत, अशी शिफारस केली. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले ते या अहवालामुळे. त्याच वर्षी इकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शिवाजी कॉलेज सुरू केले. तेथे फीऐवजी विद्यार्थ्याचे श्रम चालत. ‘कमवा आणि शिका’ या सूत्रात दारिद्र्याची जी जाण होती, ती ट्रुमन आयोगाच्या जाडजूड खंडांत शोधावी लागते. गरीब मुलाच्या शिक्षणातील खरा अडसर फी भरण्यापेक्षा जेवण्याचा आणि राहण्याचा असतो, हे साताऱ्यात अनुभवाने माहीत होते. अमेरिकेला ते कळण्यास पुढे साठ वर्षे लागली.

१९६० साली कॅलिफोर्नियाने आपला सुप्रसिद्ध आराखडा तयार केला. शालान्त शिक्षण पुरे करणाऱ्यांपैकी वरच्या एक अष्टमांशात येणाऱ्यांना राज्याचे संशोधन विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशात येणाऱ्यांना राज्य कॉलेजे आणि उरलेल्या सर्वांना ज्युनियर कॉलेजे, अशी ती विभागणी होती. ज्युनियर कॉलेजात दोन वर्षे नीट पार पाडणाऱ्यास विद्यापीठात जागा राखून ठेवावी, असेही ठरले. योजना कागदावर निर्दोष होती. इतर राज्यांनी कमीअधिक प्रमाणात तिचा कित्ता गिरवला, आणि त्या एका दशकात अमेरिकेत साडेचारशेहून अधिक नवी सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे निघाली. म्हणजे आठवड्याला जवळजवळ एक.

समजूत घालण्याचे काम

नेमक्या त्याच वर्षी, १९६० मध्ये, बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील कॉलेजाचा अभ्यास करून एक अप्रिय सत्य मांडले. सर्वांना प्रवेश देणाऱ्या कॉलेजात येणाऱ्या बहुतेकांना विद्यापीठाची पदवी हवी असते. ती मिळते थोड्यांनाच. उरलेल्यांना कोणी नापास म्हणून हाकलून देत नाही. पूर्वपरीक्षा, सल्लागाराच्या भेटी, पूर्वतयारीचे वर्ग, गुणपत्रिकेवरील शेरे अशा पायऱ्यांनी त्यांना हळूहळू उमगवले जाते की, आपली कुवत एवढीच. विद्यार्थी मग आपणहून एखादा छोटा अभ्यासक्रम पत्करतो किंवा घरी बसतो, आणि दोष स्वतःला देतो. या क्रियेसाठी क्लार्कने जो शब्द वापरला तो अर्व्हिंग गॉफमन यांच्याकडून घेतला होता आणि तो मुळात ठगांच्या बोलीतला. भोळ्या माणसाला गंडवून टोळी पसार होते, तेव्हा त्याने आरडाओरडा करू नये म्हणून तिच्यातील एक जण मागे राहतो आणि गोड बोलून त्याला ‘थंड’ करतो. कम्युनिटी कॉलेजावर समाजाने हे थंड करण्याचे काम सोपवले आहे, असा क्लार्कच्या निबंधाचा आशय. क्लार्क स्वतः काही या संस्थांचा शत्रू नव्हता. समाज सर्वांना संधीचे आश्वासन देतो आणि वरच्या जागा मात्र थोड्याच असतात, या विसंगतीतून असे काहीतरी निपजणारच, असे त्याचे विश्लेषण होते. पण त्याने वापरलेला शब्द टीकाकारांच्या हाती आयता सापडला आणि तो आजतागायत वापरात आहे.

पुढच्या काळातील आकडे पाहिले तर क्लार्कचे निदान फारसे चुकले नव्हते, असेच म्हणावे लागते. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांना पुढे पूर्ण पदवी घ्यावयाची असते. प्रत्यक्षात जेमतेम एक तृतीयांश विद्यापीठात पोहोचतात, आणि सहा वर्षांत पदवी हाती पडते ती शंभरांतील सोळा जणांच्या. या संस्थांत कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाच्या आणि कुटुंबात प्रथमच कॉलेज पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा भरणा मोठा असल्यामुळे ही गळती कोणत्या घरांतून होते, हे वेगळे सांगावयास नको.

गळतीची कारणे शोधू गेल्यास पहिले बोट पूर्वतयारीच्या वर्गांकडे जाते. २००३-०४ साली दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपैकी ६८ टक्क्यांना गणित किंवा इंग्रजी यांचा असा निदान एक तरी वर्ग करावा लागला होता. या वर्गांची फी भरावयाची. परंतु त्यांचे श्रेयांक पदवीत धरले जात नाहीत. विद्यार्थ्याचे एक वर्ष, कधी दोन वर्षे, बीजगणिताच्या उंबरठ्यावरच सरतात आणि मग तो येईनासा होतो. याहून चमत्कारिक गोष्ट कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ च्या सुमारास उघड केली. कोणाला या वर्गांत घालावयाचे, हे ज्या तासाभराच्या चाचणीवर ठरत असे, ती चाचणीच भरवशाची नव्हती. गणितात चौघांमागे एक आणि इंग्रजीत तिघांमागे एक विद्यार्थी ढोबळ चुकीने भलत्या वर्गात पडत होता, आणि त्यांत बहुसंख्य असे होते की ज्यांना थेट कॉलेजच्या वर्गात बसवले असते तरी ते सहज निभावून गेले असते. शाळेच्या तीन-चार वर्षांतील गुण हे त्या चाचणीपेक्षा अधिक विश्वसनीय निघाले. फ्लॉरिडाने २०१३ साली कायदा करून हे वर्ग बहुतेकांना ऐच्छिक केले. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने शाळेतील गुण प्रमाण मानण्याचे बंधन कॉलेजांवर घातले. एका सदोष प्रश्नपत्रिकेपायी किती पिढ्यांनी स्वतःला गणितात ‘ढ’ मानून घेतले असेल, याचा हिशेब आता कोण देणार?

दुसरे कारण कारकुनी स्वरूपाचे आहे. पण म्हणून लहान नाही. एका संस्थेतून दुसरीत जाताना श्रेयांक गळतात. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०१७ साली दाखवून दिले की, सर्व प्रकारची स्थलांतरे धरता विद्यार्थ्याने मिळवलेल्या श्रेयांकांपैकी सरासरीने ४३ टक्के वाया जातात. तुमचा अर्थशास्त्राचा पेपर आमच्या पेपराच्या बरोबरीचा नाही, एवढे एक वाक्य विद्यापीठाच्या एका विभागप्रमुखाने लिहिले की झाले. फ्लॉरिडाने १९७१ पासूनच सर्व सार्वजनिक संस्थांत परस्परमान्यतेचा करार करून आणि पुढे अभ्यासक्रमांना सामाईक क्रमांक देऊन हे दुखणे बरेच आटोक्यात आणले. बाकीच्या पुष्कळ राज्यांत ते चालूच आहे.

फी माफ झाली तरी

राजकीय पुढाऱ्यांना मात्र या सगळ्यावर एकच उपाय सुचतो आणि तो म्हणजे फीमाफी. ती जाहीर करणे सोपे असते आणि लोकांच्या ध्यानातही राहते. टेनेसी राज्याने २०१४ साली कायदा करून २०१५ पासून शालान्त शिक्षण पुरे करणाऱ्या सर्वांना कम्युनिटी कॉलेजाची फी माफ केली. तिचे अनुकरण अनेक राज्यांनी केले. देशभर तसे करण्याचा प्रस्ताव अध्यक्ष ओबामा यांनी २०१५ मध्ये आणि अध्यक्ष बायडेन यांनी २०२१ मध्ये मांडला. दोन्ही वेळा तो बारगळला.

टेनेसीच्या योजनेमुळे प्रवेश वाढले, हे खरे. तथापि तिची आर्थिक घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. विद्यार्थ्याला मिळणारी केंद्र सरकारची ‘पेल’ शिष्यवृत्ती प्रथम फीत वळती करावयाची आणि उरलेली तूट राज्याने भरावयाची, असा तिचा नियम. आता अत्यंत गरीब विद्यार्थ्याची फी पेल शिष्यवृत्तीतच भागत असल्याने राज्याच्या तिजोरीतून त्याला नव्याने काहीच मिळत नाही. मिळते ते त्याच्यापेक्षा बऱ्या स्थितीतील विद्यार्थ्याला. योजनेचे नाव सर्वांसाठी. परंतु पैशाचा ओघ उताराच्या उलट दिशेने. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अनुदानाचा लाभ अखेर कोणाकडे जातो, या प्रश्नाचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

फी हा गरीब विद्यार्थ्याच्या खर्चाचा लहानसा भाग असतो. घरभाडे, अन्न, प्रवास, मुलांना सांभाळणाऱ्या बाईचे पैसे, आणि या सर्वांच्या पाठीशी असलेली वेळेची टंचाई, ही त्याची खरी किंमत. टेक्सासमधील अमॅरिलो कॉलेजाने आपला सर्वसाधारण विद्यार्थी कोण, याचा शोध आपल्याच नोंदवह्यांतून घेतला, तेव्हा पुढे आले ते विशीच्या उत्तरार्धातील, दोन ठिकाणी अर्धवेळ राबणाऱ्या, लेकुरवाळ्या स्त्रीचे चित्र. कॉलेजाने तिला ‘मारिया’ असे कल्पित नाव दिले आणि कॉलेजातील प्रत्येक नियम मारियाला झेपेल काय, या कसोटीवर तपासण्यास सुरुवात केली. कॉलेजाच्या आवारात अन्नधान्याचे भांडार आले, अडीनडीला रोख मदत देणारी खिडकी आली. आज अमेरिकेतील अनेक कम्युनिटी कॉलेजांत अशी भांडारे आहेत. जगातील सर्वांत संपन्न देशात विद्यार्थ्याला तासाला बसण्यापूर्वी डाळ-तांदूळ, म्हणजे तिकडच्या भाषेत डबाबंद कडधान्य आणि पाव, द्यावे लागतात, या वस्तुस्थितीवर अधिक भाष्याची आवश्यकता नाही.

पासाचा हिशेब

आता न्यूयॉर्कच्या योजनेकडे वळता येईल. तिची पारख करण्यासाठी सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कम्युनिटी कॉलेजांतील ८९६ विद्यार्थी निवडण्यात आले. सर्व अल्प उत्पन्न गटातील. सर्वांना पूर्वतयारीचे एक-दोन वर्ग करावयाचे होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला कॉलेजात सर्वांना मिळते ते. दुसऱ्या गटाला शिष्यवृत्ती वजा जाता उरलेल्या फीची माफी, पुस्तके, प्रवासाचा पास, सोयीच्या वेळांचे एकत्र तास आणि एक सल्लागार. त्या बदल्यात पूर्णवेळ शिकण्याचे आणि सल्लागाराला नियमाने भेटण्याचे बंधन. प्रवासाचा पास मिळावयाचा तो या अटी पाळणाऱ्यालाच. सल्लागाराकडे विद्यार्थी किती? ६० ते ८०. एरवी त्याच कॉलेजांत एका सल्लागारामागे ६०० ते १,५०० विद्यार्थी असत. एवढ्यांना तो ओळखणार तरी कसा?

तीन वर्षांनी मोजणी झाली. पहिल्या गटातील सुमारे २२ टक्के विद्यार्थ्यांनी पदवी मिळवली होती; दुसऱ्या गटातील ४० टक्के. शिक्षणाच्या क्षेत्रात एवढा फरक दाखवणारा प्रयोग विरळा. एका यशाने हुरळून जाऊ नये म्हणून ओहायो राज्यातील तीन कॉलेजांत तोच प्रयोग पुन्हा केला गेला. तेथे १९ टक्क्यांच्या जागी ३५ टक्के असा निकाल लागला.

खर्चाचा आक्षेप येणारच होता. या योजनेत दर विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सुमारे १६,३०० डॉलर जादा, म्हणजे नेहमीपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक, खर्च झाला. कोणत्याही अर्थखात्याचा सचिव हा आकडा पाहून फाईल बंद करील. परंतु भाजक बदलून पाहावा. नेहमीच्या व्यवस्थेत विद्यार्थ्यामागे सुमारे २५,८०० डॉलर खर्चून शंभरांत बावीस पदवीधर निघतात. म्हणजे एका पदवीधरामागे सुमारे १,१८,००० डॉलर. नव्या योजनेत विद्यार्थ्यामागे सुमारे ४२,१०० डॉलर आणि पदवीधर चाळीस; म्हणजे एका पदवीधरामागे सुमारे १,०५,००० डॉलर. जी व्यवस्था स्वस्त म्हणून चालवली जात होती, ती पदवीगणिक महाग होती. अर्धवट सुटलेल्या विद्यार्थ्यांवरचा खर्च कोणाच्याच खात्यावर दिसत नाही, म्हणून ती स्वस्त भासत होती इतकेच. कालवा शेताच्या बांधापर्यंत आणून तेथेच सोडून द्यावा आणि एकरी खर्च कमी आला म्हणून समाधान मानावे, यातलाच हा प्रकार.

या योजनेतही उणिवा आहेत. पूर्णवेळ शिक्षणाची अट असल्यामुळे दिवसभर नोकरी करणारा प्रौढ विद्यार्थी, म्हणजे अमॅरिलोची मारियाच, बहुधा तिच्याबाहेर राहते. शिवाय चाळीस टक्के यशस्वी झाले याचा अर्थ साठ टक्के झाले नाहीत असाही होतो. आणि एवढी सिद्धता झाल्यावरही अमेरिकेतील बहुसंख्य राज्ये कम्युनिटी कॉलेजाच्या विद्यार्थ्यामागे मोठ्या विद्यापीठातील विद्यार्थ्याच्या मानाने पुष्कळच कमी खर्च करतात. ज्याला आधाराची गरज अधिक त्याच्या वाट्याला सरकारी पैसा कमी, ही विषमता प्रयोगशाळेतील निष्कर्षांनी हटत नाही; तिच्यामागे मतांचे आणि वर्गहिताचे राजकारण उभे असते.

इकडची वाट

या कहाणीचा आपल्याशी संबंध दुरान्वयाचा नाही. कम्युनिटी कॉलेज ही कल्पना भारतात १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाने आणली. विद्यापीठ अनुदान मंडळाने २०१३ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र योजना काढली आणि अनेक महाविद्यालयांतून कौशल्याचे वर्ग सुरू झाले. त्यापेक्षा कितीतरी व्यापक बदल आणला तो २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. मिळवलेले श्रेयांक ‘बँके’त जमा राहावयाचे आणि विद्यार्थ्याने सवडीने परतावयाचे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. अमेरिकेतील असोशिएट पदवीशी हिचे साम्य उघड आहे. पूर्वी पहिल्या वर्षात शिक्षण सुटलेल्या मुलाच्या हाती काहीच उरत नसे. आता निदान एक कागद राहील, हे या रचनेच्या बाजूचे म्हणणे खोटे नाही.

परंतु क्लार्कने वर्णिलेली ‘थंड’ करण्याची क्रिया नेमकी अशाच कागदाच्या आधारे चालत होती. तालुक्याच्या गावी बी. ए.च्या पहिल्या वर्षात ज्याच्या दोन विषयांच्या ए. टी. के. टी. राहिल्या आहेत, ज्याची शिष्यवृत्ती वर्षअखेरीपर्यंत खात्यावर आलेली नाही, आणि सुगीच्या दिवसांत ज्याची हजेरी भरलेली नाही, अशा मुलाला प्रमाणपत्राचे दार दाखवणे सर्वांनाच सोयीचे होईल. महाविद्यालयाच्या गळतीचा आकडा सुधारेल. मुलगा आपण काहीतरी मिळवून निघालो, या समाधानात घरी जाईल. बाहेर पडणारे कोणत्या घरांतले आणि परतणारे कोणत्या घरांतले, याची जिल्हावार, जातवार, मुलामुलींची वेगळी नोंद ठेवली गेली, तरच या दाराचा खरा उपयोग कोणाला होतो ते समजेल. श्रेयांक-बँक ही सारी माहिती संगणकात बाळगूनच असल्याने नोंद काढणे अवघड नाही. ती प्रसिद्ध करण्याची इच्छा असावी लागेल.

पासाचेही तसेच. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना आठ लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नावर संपूर्ण फीमाफी देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला. बारावीपर्यंतच्या मुलींना एस. टी.चा विनामूल्य पास त्याच्याही आधीपासून आहे. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. मात्र कला शाखेच्या साध्या पदवीसाठी पंचवीस किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीचा प्रश्न त्यांतल्या एकानेही सुटत नाही. तिची गाडी सकाळी सातला सुटते आणि परतीची चारला. शेवटचा तास साडेचारला संपतो. तो तास तीनला घ्यावा, की गाडी पाचला सोडावी, हे ठरवण्यासाठी प्राचार्य आणि आगारप्रमुख एकत्र बसल्याचे उदाहरण क्वचितच आढळते. न्यूयॉर्कच्या कॉलेजांनी सोयीच्या वेळांचे एकत्र तास ठेवले, तेव्हा त्यांनी केले ते एवढेच.